मोरीवरची ट्यूब

आमच्या मोरीच्या वर एक फळी होती. फळीवर पुढे साबण, अण्णांचं दाढीचं सामान, निळीची बाटली, आणि मागे भिंतीला चिकटून ती. पंधरा ग्रॅमची ॲल्युमिनियमची ट्यूब. शेपटीकडून गुंडाळत आणलेली, पोटाला खळगे पडलेले, झाकणाच्या आट्यांत वाळलेलं पांढरं मलम. तिचं खोकं घरात कधी दिसलं नाही. दुकानातून घरी येईपर्यंत ते वाटेतच कुठेतरी टाकलेलं असायचं. ओल्या बोटांनी नावाची अक्षरं पुसत गेली होती, पण नावापुढची दोन अधिकची चिन्हं शाबूत होती. घरात तिला नुसतं ‘ती ट्यूब’ म्हणत, आणि तेही मोठ्याने कुणी म्हणत नसे.

आम्ही माझगावात ताडवाडीच्या बीआयटी चाळीत राहायचो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामकऱ्यांना हवा-उजेड मिळावा म्हणून अशा चाळी उभ्या केल्या. हवा मिळाली, उजेडही मिळाला. आडोसा मात्र मिळाला नाही. एका खोलीत आम्ही सहा माणसं, संडास मजल्याच्या टोकाला, मोरीला पडदा, पडद्याबाहेर कुणीतरी नळाच्या वेळेची घाई करत उभं. अशा घरात स्वतःचं अंग स्वतःलाही नीट बघायला मिळत नाही. जांघेतली खाज ज्याची त्याने सोसायची असते.

अण्णा गोदीत वेल्डर होते. जहाजाच्या पोटात, तापलेल्या पत्र्यांमध्ये, जाड बॉयलरसूट घालून दिवस काढायचा. घाम कमरेखाली साचून राहायचा. त्यांच्या जांघेत गजकर्ण उठलं तेव्हा मी शाळेत होते. मला ते दिसलं नाही, ऐकू आलं. रात्री दिवे मालवल्यावर खाजवण्याचा आवाज यायचा, कोरड्या कागदावरून नख ओढल्यासारखा. आई कूस बदलायची, भाऊ उशी डोक्यावर घ्यायचा, आणि सकाळी त्याबद्दल कुणी अक्षर काढायचं नाही.

आपल्याकडे म्हणतात, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. अण्णांना जावई तर नव्हताच, आणि १८४५ पासून उभं असलेलं जे.जे. आमच्या चाळीपासून चालत अर्ध्या तासाच्या आत होतं. पण सरकारी इस्पितळांत हा विभाग बहुतेक ठिकाणी त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग अशा तिहेरी नावाचा असतो. त्या पाटीखालच्या बाकावर गोदीतल्या कुणी बघितलं तर? त्यापेक्षा मेडिकल बरं. अण्णा दुकानाच्या पायरीशी गिऱ्हाईक कमी होईपर्यंत थांबत, मग पुढे होऊन ‘खाजेवरची’ एवढंच म्हणत. वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून ती हातात यायची. पुढच्या वीसेक वर्षांत दुकानं बदलली, तिच्या अंगावरचं नावही तीन-चार वेळा बदललं, पण आतून ती तीच राहिली.

तिचा स्वभाव मला फार उशिरा कळला. ती काही विचारत नाही. किती दिवस झाले, रात्री जास्त होतं का, घरात आणखी कुणाला आहे का, साखर तपासली का, यातलं एक अक्षर नाही. बोटावर आली की कामाला लागते. दोन दिवसांत लाली उतरते आणि तिसऱ्या रात्री झोप लागते. महिनाभर ज्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही त्याला ती झोप म्हणजे केवढी गोष्ट आहे, हे मी कुणाला हलक्यावारी नेऊ देणार नाही. अण्णा अडाणी नव्हते, थकलेले होते.

एकदा भिंग घेऊन मी तिच्या अंगावरचा बारीक मजकूर वाचला. टर्बिनाफिन, हे बुरशीवरचं. ऑफ्लॉक्सासिन, हे जिवाणूंवरचं. ऑर्निडाझोल, जे आमच्याकडे जुलाबावरच्या गोळ्यांत असतं. आणि सगळ्यांच्या आधी क्लोबेटासोल, लावायच्या स्टेरॉइडांतलं सर्वांत जोरकस. म्हणजे दुखणं ओळखायचा प्रश्नच ठेवलेला नाही. बुरशी असो, जिवाणू असो, नुसती जळजळ असो, चौघांपैकी कुणाचातरी नेम लागेल. पण आराम देतं ते क्लोबेटासोल. गजकर्णातली लाली आणि खाज ही आपल्या शरीराने बुरशीशी मांडलेल्या भांडणाची असते. स्टेरॉइड भांडणातल्या आपल्या माणसाचे हात धरतं. आरडाओरडा थांबतो, दार लोटून घरात झोप येते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. सोबतचं बुरशीचं औषध आठवड्यांमागून आठवडे लावलं तर त्याचा उपयोग. खाज थांबली की चौथ्या दिवशी कोण लावतो? दहा-पंधरा दिवसांनी कडं पुन्हा उठायचं, आधीपेक्षा रुंद, कधी कड्याच्या आत दुसरं कडं, कधी कडंच नाही, नुसता फिकट पसरलेला डाग. याला डॉक्टर टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष पालटलेलं गजकर्ण.

आणि जागाही तशी. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी मोजून दाखवलं की कोपराखालच्या हाताच्या कातडीतून हायड्रोकॉर्टिझोन जेवढं मुरतं त्याच्या ४२ पट अंडकोशाच्या कातडीतून मुरतं. जांघेत कातडीवर कातडी घासते, घामाने मऊ झालेली असते, तिथे लावलेलं मलम आतच दाबून राहतं. तळहाताच्या जाड कातडीला जे औषध जेमतेम पुरतं, ते इथे कातडी पातळ करून टाकतं. मग ती आतून उसवते. बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा जांभळट रेघा उमटतात, पुढे पांढऱ्या पडतात, पण जात नाहीत.

हे दुखणं काही आजचं नाही. गोरा साहेब जांघेतल्या गजकर्णाला ‘धोबी इच’ म्हणायचा आणि आळ धोब्यावर घ्यायचा. कोकणातून मुंबईला आलेल्या आमच्या आजीकडे यावर टाकळा होता. पावसाच्या तोंडावर भाजी करतो तोच. त्याचं बी आंबट ताकात वाटून ती लेप द्यायची. संस्कृतात टाकळ्याचं नाव चक्रमर्द आहे, म्हणजे चकत्यांना चिरडणारा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ‘गोवा पावडर’ विकली जायची. ती मुळात ब्राझीलच्या एका झाडाच्या खोडातली भुकटी, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेली. गजकर्णावर ती चालायची, पण कातडी भाजायची आणि कपड्याला न जाणारे डाग पाडायची. लंडनमध्ये बालमॅनो स्क्वायर या डॉक्टरांना एका रुग्णामुळे कळलं की ती सोरायसिसवरही चालते. रुग्ण स्वतःला गजकर्ण झालंय असं समजून ती लावत होता, आणि होतं सोरायसिस. त्या एका चुकीतून सोरायसिसचं मोठं औषध निघालं. या जुन्या औषधांची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती झोंबायची. झोंबत असल्यामुळे माणूस ती जपून लावायचा आणि उगीच घरभर वाटत नसे. आमची ट्यूब झोंबत नव्हती.

म्हणून ती घरभर फिरली.

भावाला जांघेत उठलं ते अण्णांचा पंचा वापरून. एका दोरीवर सगळ्यांचे कपडे, पावसाळ्यात दोन-दोन दिवस न वाळणारे, आणि अर्धवट ओलेच अंगावर चढवायचे. मग आतेभाऊ गावाहून नोकरीसाठी राहायला आला. त्याला अंधार पडला की खाज सुटायची, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, आणि अवघड जागी घट्ट लालसर गाठी. ती खरूज होती. खरजेचा किडा कातडीत बीळ करून राहतो आणि अंथरुणाच्या उबेत चेव धरतो. यावर परमेथ्रिनचं मलम, गळ्यापासून तळपायापर्यंत, घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो, आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात टाकायचं. आम्ही काय केलं, तर त्याला ट्यूब दिली. त्याची खाज थोडी मंदावली आणि महिन्याभरात आम्ही सगळे बेचक्या खाजवायला लागलो.

वहिनी नव्याने घरात आलेली. कसल्याशा तापासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि तिला खाली आग सुरू झाली, अंगावरून दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जायला लागलं. नव्या नवरीने कुणाला सांगायचं? मोरीत गेली की फळीवर हात जायचा. तिचं दुखणंही बुरशीचंच होतं, पण दुसऱ्या जातीच्या, कॅन्डिडाच्या. त्यात कडं नसतं. ओलसर लाल भडक कातडी, घड्या भरून, आणि कडेबाहेर बारीक पुटकुळ्या शिंपडल्यासारख्या. पुरुषाला झालं तर गजकर्ण सहसा अंडकोश सोडून देतं, हे सोडत नाही. हे पुनःपुन्हा होत असेल तर आधी रक्तातली साखर बघतात. वहिनीचं पुढे साध्या औषधाने चार दिवसांत बरं झालं, म्हणून तिच्याबद्दल एवढंच. पण एक सांगायलाच हवं. चाळीच्या गॅलरीत तिचे आतले कपडे साडीच्या खाली, साडीने झाकून वाळत पडायचे. आईचेही तसेच, आणि पुढे माझेही. दोरीवर ऊन यायचं, त्या कपड्यांना लागायचं नाही. आम्हा बायकांची लाज आमच्या अंगावर ओली राहायची.

पुढे एका पावसाळ्यात अण्णा गेले. त्यांना शेवटची आंघोळ घातली ती भावाने आणि शेजारच्या काकांनी. आठवड्याने, दोघंच गॅलरीत उभे असताना, भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, “अण्णांच्या जांघेत रेघा होत्या गं. माझ्यासारख्याच.”

मी त्याला इस्पितळात घेऊन गेले. त्या तिहेरी पाटीखाली आम्ही दोघं बसलो. ओळखीचं कुणी दिसलं नाही. दिसलं असतं तर तेही तिथे त्याच कामाला आलेलं असतं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आधी एका दिव्याचा उजेड टाकून बघितलं. त्या दिव्याखाली जागा पोवळ्यासारखी तांबूस चमकली असती, तर ते बुरशीचं नसून एरिथ्रॅझ्मा नावाचं जिवाणूंचं दुखणं ठरलं असतं. चमकली नाही. मग डागाच्या कडेवरचे खवले तिने बोथट पात्याने काचेच्या पट्टीवर खरवडून घेतले, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, पातळ काच ठेवली आणि दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवून दिली. मी विचारलं तेव्हा तिने मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. धूसर पेशींच्या पसाऱ्यातून पारदर्शक काड्या गेलेल्या, फाटे फुटलेल्या, बांबूसारख्या पेरापेराच्या. एवढंसं ते. एक थेंब आणि पंधरा मिनिटं. त्यासाठी आमच्या घरात दोन पिढ्या रात्रभर जागल्या.

भावाला सहा महिने औषध घ्यावं लागलं, कारण टर्बिनाफिनला त्याची बुरशी बधली नाही, इट्राकोनॅझोलवर न्यावं लागलं. हे अनेकांचं होतं. या हट्टी बुरशीला २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी वेगळी जात म्हणून नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. ती ज्यांच्या अंगावर सापडली त्यांतला एक रुग्ण भारतातला होता, एक नेपाळमधला. नावातच आपला देश. २०२३ मध्ये अमेरिकेतले पहिले रुग्ण न्यू यॉर्कमध्ये नोंदले गेले. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ कितीतरी वर्षं ओरडून सांगतायत की ही साथ फोफावण्यात या मिश्र ट्यूबांचा मोठा हात आहे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायच्या १४ स्टेरॉइडांची सवलत काढून घेतली आणि ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी मलमंही होती. कायदा आहे. पण खालच्या आवाजात ‘खाजेवरची’ म्हटलं की अजूनही कागदात गुंडाळून काहीतरी हातात येतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे, आणि त्याचा मला संताप येतो.

उठताना डॉक्टरने भावाला विचारलं, “घरात आणखी कुणाला खाज आहे?”

ट्यूबने वीस वर्षांत न विचारलेला प्रश्न. भाऊ म्हणाला, नाही. मी काही बोलले नाही, कारण मला आईचं कूस बदलणं आठवलं. अण्णा गेल्यावरही रात्री तो आवाज येत होता.

आईला बोलतं करायला मला कित्येक महिने लागले. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. खाली कोरडं पडलंय, वयाने होतं, असं ती म्हणत राहिली. मग एका दुपारी भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, “पांढरं पडलंय तिथे.” थोड्या वेळाने म्हणाली, “तुझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. कोड म्हटलं असतं लोकांनी.”

आठ वर्षं तिने ते लपवलं होतं, माझ्यासाठी. खाज असह्य झाली की फळीवरची ट्यूब घ्यायची, चार दिवस लावायची, बरं वाटलं की सोडायची. बाकीच्यांच्या दुखण्याला ट्यूब अपाय करत होती. आईचं दुखणं ती जरा जरा निववत होती, आणि म्हणूनच ते कधी कुणासमोर आलं नाही.

त्याच डॉक्टरने पडद्याआड नेऊन तपासलं. “मावशी, लघवीला झोंबतं का? शौचाला चिरा पडतात का? रात्री जास्त ना?” आई सगळ्याला हो म्हणत गेली, आणि मला पडद्याबाहेर ऐकू आलं की ती रडतेय. कोड नव्हतं. कोडात रंग जातो, कातडी नेहमीसारखीच राहते आणि सहसा खाजत नाही. इथे कातडी पातळ, सुरकुतलेली, पतंगाच्या कागदासारखी झाली होती. मागच्या-पुढच्या दोन्ही जागांना वेढा घालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तो पांढरा पट्टा होता, आणि काही भाग आक्रसून चिकटू लागला होता. लायकेन स्क्लेरोसस. संसर्गाचा नाही, कुणाकडून लागत नाही, कुणाला देता येत नाही. शरीराची स्वतःचीच फौज तिथल्या कातडीवर उलटते असं मानतात. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो, आणि बुरशी समजून किंवा वय समजून वर्षानुवर्षं सोडून दिला जातो. थोड्या जणींमध्ये पुढे तिथेच कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दर वर्षी दाखवत राहायचं.

मग डॉक्टरने चिठ्ठी लिहिली. मी औषध आणून आईच्या हातात दिलं. आई सातवी शिकलेली, नावं नीट वाचते. तिने ट्यूब उजेडात धरली, ओठ हलवत वाचलं आणि ताडकन खाली ठेवली. “क्लो-बे-टा-सोल. हीच की गं ती! अण्णांना हिनेच…”

तीच होती. तिच्यातलं तेच पहिलं नाव, फक्त पुढे अधिकची चिन्हं नव्हती आणि बाकीची तीन औषधं नव्हती. मलाही धक्का बसला. परत जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाली, “हो, हेच औषध. मावशींच्या दुखण्यावर हेच लागतं, आणि हेच पुरेसं जोरकस आहे. तुमच्या भावाला मी याचा एक थेंब लावू देणार नाही.” मग कागदावर लिहून दिलं. पहिला महिना रोज रात्री. दुसरा महिना एक दिवसाआड. तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. तीस ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरली पाहिजे. लवकर संपली तर जास्त लावताय, उरली तर कमी. बोटाच्या शेवटच्या पेरावर निघेल एवढी रेघ, आणि ती पांढऱ्या जागेवरच, बाहेर नाही. साबण बंद, सुगंधी काही नाही, डेटॉल तर नाहीच.

जागा दिसायला हवी, म्हणून मी आईला हातातला छोटा आरसा आणून दिला. पासष्टाव्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःला तिथे पाहिलं. मोरीचा पडदा ओढून ती बराच वेळ आत होती. नळाची वेळ चालली होती, पण मी दाराशी उभी राहिले आणि कुणालाही घाई करू दिली नाही.

जुनी ट्यूब मी फळीवरून काढली. तिच्यात अजून थोडं मलम होतं. भावाने ती हातात घेऊन चेपटं पोट बोटांनी दाबून पाहिलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली, कागदात न गुंडाळता.

नवी ट्यूब फळीवर पुढे असते, साबणाशेजारी. कालनिर्णयाच्या चौकटींत, एकादशी-चतुर्थीच्या खाली, आई पेन्सिलीने बारीक ‘ट’ काढते. आता तिसरा महिना चालू आहे, बुधवार आणि रविवार. काल रात्री अंथरुणं घालताना तिने विचारलं, “आज मंगळवार ना गं? मग आज नाही.” दिवा मालवला. मी बराच वेळ कान देऊन जागी होते. तिच्या अंथरुणातून फक्त श्वासाचा आवाज येत होता.